गिरवणे, ओवणे, निवडणे : लहान मुलांच्या बोटांच्या शिक्षणाचा महाराष्ट्रातील इतिहास

बालशिक्षणाच्या पाठ्यपुस्तकात तुम्हाला 'सूक्ष्म कारक कौशल्ये' हा जड शब्दप्रयोग भेटतो. त्याचा अर्थ साधा आहे. धावणे, उडी मारणे, चढणे ही मोठ्या स्नायूंची कामे. मणी ओवणे, बटण लावणे, शेंग सोलणे, पेन्सिल धरणे ही बोटांच्या आणि मनगटाच्या लहान स्नायूंची कामे. मूल जन्मते तेव्हा मनगटाची हाडे कूर्चेच्या स्वरूपात असतात आणि पुढे कित्येक वर्षे ती हळूहळू कठीण होत जातात. तान्हे मूल वस्तू मुठीत धरते, वर्षाचे होण्याच्या सुमारास अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत दाणा उचलते आणि साधारण चार ते सहा वर्षांच्या दरम्यान अंगठा, तर्जनी, मधले बोट या तिघांमध्ये पेन्सिल धरू लागते. एवढे शरीरशास्त्र या टिपणापुरते पुरे.

आपला प्रश्न इतिहासाचा आहे. कोणत्या मुलाची बोटे कशासाठी तयार करायची, हे त्या त्या काळी कोणी ठरवले? महाराष्ट्रात या प्रश्नाचे उत्तर जात, लिंग आणि श्रम यांना वगळून देता येत नाही. चिमटीत बोरू धरणारा हात आणि चिमटीत भाताचे रोप धरणारा हात हे दोन्ही कुशलच, पण शाळेने फार काळ त्यांतल्या एकालाच हात शिकलेला म्हटले.

कित्ता आणि धूळपाटी

मराठीत 'गिरवणे' हे क्रियापद आहे. आधी कोणीतरी काढलेल्या अक्षरावरून पुन्हा पुन्हा हात फिरवायचा, म्हणजे गिरवायचे. जे गिरवायचे तो कित्ता. एखाद्याचे अनुकरण करणे याला आपण आजही 'त्याचा कित्ता गिरवणे' म्हणतो. शिक्षणाची एक पूर्ण कल्पना या दोन शब्दांत सामावली आहे. नमुना आधी ठरलेला आहे आणि हाताने त्याच्याजवळ जायचे आहे.

पंतोजींच्या शाळेत मुलाची सुरुवात धूळपाटीवर होई. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटेची पूड पसरायची आणि तीवर बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे. चुकले तर फळी हलवली की पाटी कोरी. आजच्या दृष्टीने पाहिले तर यात एक शहाणपण होते. धुळीत बोट फिरवायला जोर लागत नाही, साधनाची पकड सांभाळावी लागत नाही आणि चूक मागे उरत नाही. पुढे बोरू आणि शाई यायची. बोरू मुलाने स्वतः तासायचा असे, आणि चाकूने बोरूचे टोक नीट तिरपे छाटणे हेही बोटांचे बारीक कामच होते. समर्थ रामदासांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. अक्षराचा आकार, ओळींतले अंतर, कागदाची कड, लेखणी यांचा विचार त्यात आहे. सुबक अक्षर हा व्यवहाराचा आणि शिस्तीचा भाग मानला जात होता, हे त्यावरून कळते.

मोडी लिपीत तर हाताची सवय आणखी वेगळी. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जायची, हात शक्य तितका कमी उचलत. बालबोध, म्हणजे देवनागरी, लिहिताना प्रत्येक अक्षर सुटे आणि शिरोरेघ शेवटी. हे दोन्ही हात वेगवेगळे घडवावे लागत. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले त्यात प्राथमिक शाळेत मोडी आणि बालबोध दोन्ही शिकवावेत आणि शेतीचे प्राथमिक ज्ञानही द्यावे, असे म्हटले होते. ही मागणी नीट वाचा. कुळकर्ण्याच्या दप्तरातला कागद शेतकऱ्याला स्वतः वाचता-लिहिता आला पाहिजे, म्हणून मोडी. आणि त्याचे शेतीचे काम शाळेच्या बाहेरचे ठरू नये, म्हणून शेती. लिहिणारा आणि राबणारा हात एकाच मुलाचा असू शकतो, ही गोष्ट त्यात गृहीत आहे.

चिमटीतली रांगोळी

शाळेच्या दप्तरात न नोंदलेले बोटांचे शिक्षण घराघरांत चालू होते, आणि ते प्रामुख्याने मुलींचे होते. ठिपक्यांची रांगोळी आठवा. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांच्या चिमटीत पूड धरायची आणि ती धार तुटू न देता, जाड-बारीक न होऊ देता सोडायची. पेन्सिल धरायला लागतात तीच ही तीन बोटे. तांदूळ निवडणे, फुले ओवणे, समईची वात वळणे, आणि लग्नघरात बायका एकत्र बसून गव्हले-मालत्या वळत, तेव्हा कणकेचा तांदळाएवढा दाणा बोटांच्या टोकांत फिरवणे. सागरगोट्यांच्या खेळात एक बी हवेत उडवून ती खाली येईपर्यंत जमिनीवरच्या बिया उचलायच्या असतात. नजर आणि हात यांचा मेळ म्हणतात तो हाच.

म्हणजे १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली तेव्हा तिथे आलेल्या मुलींची बोटे लेखणीसाठी कधीचीच तयार होती. अडचण बोटांत नव्हती. इतिहासाच्या विद्यार्थ्याने साधनांचा विचार करताना हे लक्षात ठेवावे. कित्ते आणि वह्या संग्रहालयात सापडतात. गव्हले त्याच आठवड्यात खाल्ले जातात आणि रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते.

घरातले हे कौशल्य शाळेत आणण्याचा जाणीवपूर्वक प्रयत्न करणाऱ्यांत पंडिता रमाबाई येतात. १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्यावर त्यांनी फ्रोबेल यांच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीत बालोद्यानाचा आरंभ केला होता. लाकडी गोळे, ठोकळे, कागदाच्या घड्या, कागदी पट्ट्यांचे विणकाम, टोचकाम असे त्यांचे साहित्य. हाताने करता करता मूल विचार करायला शिकते, ही त्यामागची कल्पना. पुढे अनेक बालोद्यानांत मात्र हे काम ठरावीक क्रमाने, ठरावीक नमुन्यावर करून घेतले जाऊ लागले, आणि टोचकामासारखी बारीक कामे लहान डोळ्यांना व बोटांना फार सोसत नाहीत, अशी टीकाही झाली. कागदाची घडीसुद्धा कित्त्यासारखी गिरवता येते!

माँटेसरींचा दट्ट्या

मारिया माँटेसरी या डॉक्टर. रोममधल्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी पहिले बालगृह उघडले. त्याआधी त्या मतिमंद म्हणून बाजूला काढलेल्या मुलांबरोबर काम करीत होत्या. तिथला एक अनुभव त्यांनी लिहून ठेवला आहे. एका मुलीला काही केल्या शिवणाचा टाका जमेना. तेव्हा माँटेसरींनी शिवण बाजूला ठेवले आणि तिला फ्रोबेल पद्धतीचे कागदी विणकाम दिले. पट्टी वर, पट्टी खाली. काही दिवसांनी पुन्हा सुई दिली, तर तिला शिवता येऊ लागले. हाताला जी हालचाल पुढे करायची आहे ती त्या कामाच्या आधी, दुसऱ्या सोप्या रूपात करू द्यावी, हे त्यांनी यातून काढलेले सूत्र.

लेखनाला त्यांनी तेच लावले. लाकडी ठोकळ्यातल्या खाचांत बसणारे दट्टे. प्रत्येक दट्ट्याला वर छोटी मूठ, जी तीन बोटांतच धरता येते. मूल दट्टे काढते आणि घालते. त्याला वाटते आपण खेळतो आहोत. इकडे पेन्सिलीची पकड तयार होते. धातूच्या आकृत्यांच्या कडेने पेन्सिल फिरवणे, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटे फिरवणे, चौकटीवर बटणे, हुक आणि नाड्या लावणे हे सारे त्याच मालिकेतले. खरखरीत अक्षरावरून बोट फिरवणे हे आपल्या धूळपाटीच्या किती जवळचे आहे, हे तुमच्या ध्यानात आले असेलच.

या साहित्याचा एक गुण म्हणजे मापाचा काटेकोरपणा. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे बरोबर एक ते दहा सेंटिमीटरचे. लखनौला मानक नगर नावाचा भाग आहे. भारतीय रेल्वेचे आराखडे आणि मापे ठरवणारी संशोधन संस्था तिथे आहे. हिंदीतल्या 'मानक'ला आपण मराठीत 'प्रमाण' म्हणतो. रुळाला आणि चाकाला प्रमाण माप नसेल तर गाडी चालणार नाही. माँटेसरींच्या साहित्यालाही प्रमाण मापच हवे, कारण दट्टा चुकीच्या खाचेत बसत नाही आणि मुलाची चूक शिक्षिकेऐवजी ठोकळाच दाखवतो. पण असे साहित्य महाग पडते. ते ज्यांना परवडते त्यांचीच मुले त्याने शिकणार का, हा प्रश्न भारतात लगेच उभा राहिला. १९३९ च्या अखेरीस माँटेसरी स्वतः थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळ अड्यारला आल्या, महायुद्धामुळे १९४६ पर्यंत त्यांना भारतातच राहावे लागले आणि शेकडो शिक्षक त्यांच्या वर्गांत तयार झाले. पुढच्या काळात शहराशहरांत 'माँटेसरी' हे नाव चांगल्या घरच्या मुलांच्या शाळेचे नाव होऊन बसले. ज्या वस्तीत ही पद्धत जन्मली तिच्या मानाने हा मोठाच उलटा प्रवास आहे.

कोसबाड

इथे ताराबाई मोडक येतात. त्या पदवीधर होत्या. १९२३ पासून भावनगरच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करत होत्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गिजुभाईंनी माँटेसरी पद्धत घेतली, पण तिच्यात गोष्टी, लोकगीते, नाटुकली, माती असे बरेच इथले मिसळले. त्यानंतर ताराबाईंनी दादरला शिशुविहार चालवले. तिथे येणारी मुले मध्यमवर्गाची. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यातल्या, समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या आणि कष्टाने शिक्षिका झालेल्या अनुताई त्यानंतर आयुष्यभर तिथल्याच झाल्या. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे अनुताईंचे आत्मकथन तुम्ही अवश्य मिळवून वाचा.

आता १९४५ या सालाकडे पुन्हा पाहा. याच साली डहाणू, तलासरी, उंबरगाव या भागात वारल्यांचा उठाव झाला. गोदावरी परुळेकर आणि किसान सभा त्याच्या नेतृत्वात होत्या. मागणी होती वेठ बंद करा, लग्नगडी सोडा. लग्नासाठी सावकाराकडून घेतलेल्या थोड्या पैशांपायी नवरा-बायकोने वर्षानुवर्षे फुकट राबायचे, ही लग्नगड्याची पद्धत. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. एकीकडे जमीनदाराच्या शेतात हात कोणासाठी राबणार याचा लढा, आणि त्याच मुलुखात तीन-चार वर्षांच्या मुलांच्या हातात काय द्यायचे याचा विचार. दोन्ही चळवळींचे मार्ग अगदी वेगळे होते. ताराबाईंचे काम लढ्याचा भाग नव्हते. तरी दोन्हींमागची परिस्थिती एकच होती, आणि कोसबाडचे शिक्षण समजून घेताना ती डोळ्यांआड करू नये, असे माझे मत आहे.

बालवाडीत मुले येईनात. आई-बाप कामावर, मोठे मूल धाकट्याला सांभाळणार, त्याहून मोठे गुरांमागे जाणार. तेव्हा ताराबाई आणि अनुताईंनी शाळाच पाड्यावर नेली. झोपडीसमोरच्या अंगणात, झाडाखाली भरणारी बालवाडी म्हणून 'अंगणवाडी'. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी माळावरची 'कुरणशाळा'. धाकट्यांना सांभाळण्यात अडकलेल्या मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात, ती विकासवाडी. दिवसाची सुरुवात बहुधा अंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे यांनी होई.

माँटेसरींचे मापाचे ठोकळे पाड्यावर कुठून आणायचे? तिथे होते खडे, शिंपले, चिंचोके, बिया, पाने, काटक्या, फुले, माती. रंगांच्या छटा लावायला पाने आणि फुले घेतली. लहान-मोठा क्रम लावायला खडे आणि शिंपले. मोजायला बिया. ओवायला फुले. दट्ट्याची मूठ धरणारी तीन बोटे चिंचोकाही उचलतात. अर्थात यात एक गोष्ट हरवते. खडा चुकीच्या जागी ठेवला तर खडा काही सांगत नाही. तिथे शिक्षिकेला किंवा शेजारच्या मुलाला बोलावे लागते. स्वस्त साहित्यात शिक्षिकेची नजर अधिक लागते. स्वस्त साहित्य म्हणजे स्वस्त शिक्षण असा समज पुढे अनेकांनी करून घेतला, म्हणून हा मुद्दा इथे मुद्दाम सांगतो आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. शहरातल्या मुलाच्या बोटांना काम नव्हते म्हणून त्याला काम शोधून द्यावे लागत होते. वारली मूल मात्र ओढ्यात हाताने मासे-खेकडे धरत होते, गवत बांधत होते, धाकट्या भावंडाला भरवत होते. त्याचा हात मागे नव्हता. वारली बायका लग्नघरात शेणाने किंवा गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचे टोक चेचून केलेल्या कुंचल्याने चौक लिहीत. होय, 'लिहीत', वारली लोक चित्र काढण्याला लिहिणेच म्हणतात. १९७० च्या दशकात ही चित्रे शहरांत पोहोचली आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे जगभर ओळखले गेले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या समाजाला जनगणना निरक्षर म्हणून मोजत होती, त्याची बोटे त्रिकोणाला त्रिकोण जोडून नाचणारी माणसे भिंतीवर उभी करत होती. बोर्डी-कोसबाडच्या प्रयोगाचे मोल असे, की त्याने या हाताला कोरी पाटी मानले नाही.

टकळीचा वाद

याच सुमारास हाताच्या शिक्षणाची दुसरी, अधिक गाजलेली योजना महाराष्ट्रातच आकाराला आली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी उद्योगाधारित नयी तालीम मांडली गेली. सूतकताई तिच्या केंद्रस्थानी. टकळीवर एकसारखे सूत काढायला बोटांचा ताण फार नेमका लागतो, हे ज्याने प्रयत्न केला आहे त्याला सांगायला नको. आक्षेप घेतला गेला तो मुलांच्या मालाच्या विक्रीतून शाळेचा खर्च भागवण्याला. मूल शिकते आहे की राबते आहे? वेठीतून नुकत्याच सुटू पाहणाऱ्या किंवा जातीने नेमून दिलेल्या कामातून बाहेर पडू पाहणाऱ्या आईबापांना शाळेत पुन्हा हातकाम दिसले, तर त्यांना ते फसवणुकीसारखे वाटणे स्वाभाविक होते. त्यांना मुलाच्या हातात पाटी हवी होती.

आजही हा ताण संपलेला नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' हे नाव मिळाले. एक मराठी शब्द देशभर गेला. योजनेच्या सहा सेवांत पूरक पोषण आणि लसीकरण आले, शालापूर्व शिक्षणही आले. पण अनेक ठिकाणी सेविकेचा दिवस आहार, वजन आणि नोंदवह्या यांतच जातो. दुसरीकडे खाजगी बालवर्गांत तीन वर्षांच्या मुलाला चौकटीच्या वहीत अक्षरे गिरवायला लावतात, कारण भरलेली वही पालकांना दाखवता येते. ओवलेला हार किंवा निवडलेले तांदूळ दाखवून फी मागता येत नाही. गरीब पालकही अंगणवाडीपेक्षा हा वर्ग निवडतात, आणि वर सांगितलेला इतिहास माहीत असेल तर त्यांना हसता येणार नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर म्हणून एकत्र घेतला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये खेळणी, कोडी, बाहुल्या असलेला 'जादुई पिटारा' आला. फ्रोबेलच्या पेटीपासून निघालेली ही परंपरा आहे. पेटीतल्या वस्तू वर्गात रोज मुलांच्या हातात पडतात की मोडतील म्हणून कपाटात राहतात, हे मात्र धोरणाच्या कागदात सापडणार नाही; ते वर्गात जाऊनच पाहावे लागते.

या टिपणाला जोडून एक काम करा. तुमच्या घरातल्या किंवा गावातल्या साठीच्या पुढच्या तीन व्यक्तींना विचारा: शाळेत जाण्याआधी तुमची बोटे कोणते काम करीत होती, ते कोणी शिकवले, आणि पहिल्यांदा पाटी हातात आली तेव्हा वय काय होते? एक स्त्री, एक पुरुष असावा, आणि शक्यतो तिघेही एकाच समाजातले नसावेत. कामाचे नाव ते ज्या बोलीत सांगतील त्याच बोलीत लिहा. 'सूक्ष्म कारक' असे भाषांतर करू नका. मुलाखतीची तारीख आणि गाव वर नोंदवायला विसरू नका.